खिळ्यावरून उतरलेला डबा

मी एक डबा बोलतोय. पत्र्याचा, वीतभर उंच, पाठीला कडी आणि झाकणाला एकवीस भोकं. भोकं मी स्वतः मोजली आहेत. एकोणीस वर्षं एकाच खिळ्यावर लटकून काढली की मोजण्यासारखं दुसरं काही उरत नाही.

डब्याला कसलं आलंय चरित्र, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मीही पूर्वी तेच म्हणायचो. पण माझ्या पोटात जे भरलं होतं आणि माझ्यामुळे जे वाया गेलं, ते एकदा कुणाला तरी सांगून टाकायचंय. त्याशिवाय मला हलकं वाटणार नाही.

माझा जन्म चांगला झाला. एका म्हाताऱ्या कारागिरानं मला ठोकून घडवलं आणि झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. तो दर भोकामागे एक शिवी देत होता, कारण त्याचा अंगठा अधूनमधून मध्ये येत होता. मला एका बेकरीसाठी केलं होतं. गरम गोड पावांवर पिठीसाखर भुरभुरायची, एवढंच माझं काम. सकाळी सहाला साखर भरायची, नऊपर्यंत पोट रिकामं. पोरं काचेला नाक लावून माझ्याकडे बघायची. लाडाचे दिवस होते ते.

मग बेकरीवाला थकला, दुकान उठलं आणि सामानासोबत मीही गेलो एका कारखान्याच्या उपाहारगृहात. तिथे सातशे माणसं जेवायची. मला वाटलं, इथे साखर पोत्यानं लागणार. पहिल्याच दिवशी माझ्यात धुण्याचा सोडा भरला.

त्यामागची गोष्ट अशी. उपाहारगृहाचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, ते मुळात वाईट माणूस नव्हते. भित्रे होते. मी यायच्या आधी कधीतरी उरलेलं जेवण कुणीतरी घरी नेलं होतं, त्या घरात कुणाचं तरी पोट बिघडलं, आणि नोटीस आली थेट साहेबांच्या नावानं. पोट चार दिवसांत बरं झालं, पण साहेब दोन वर्षं तारखांना खेटे घालत होते. त्या दोन वर्षांत त्यांच्या स्वतःच्या पोटाला जे दुखणं लागलं ते कायमचं. डब्यातून घरचा कोरडा पाव आणायचे आणि तोच कुरतडत बसायचे. स्वतःच्या उपाहारगृहातला घासही त्यांनी कधी तोंडात घातला नाही.

तर साहेबांनी नियम केला. दुपारी अडीच वाजता जेवण संपलं की पातेल्यांत जे उरलं असेल त्यावर सोडा मारायचा आणि मग ते मागच्या पिंपात ओतायचं. सोडा पडला की ते कुणी खाणार नाही. खाल्लं नाही की पोट बिघडणार नाही. पोट बिघडलं नाही की नोटीस नाही. साहेबांचा हिशोब एकदम चोख होता. फक्त त्यात भूक कुठेच धरलेली नव्हती.

हे काम होतं मावशीचं. मावशी म्हणजे मुख्य स्वयंपाकीण. ती कुणाची मावशी होती कोण जाणे, पण तिच्याहून मोठे असलेले साहेबही तिला मावशीच म्हणायचे. तिच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. सातशे माणसांचा अंदाज रोज तंतोतंत कसा लागणार? कधी एखादी पाळी लवकर सुटायची, कधी पन्नास जण रजेवर. मग भात उरायचा, भाजी उरायची, सूप उरायचं. पळीसुद्धा न बुडवलेलं, वाफा निघणारं. मावशी खिळ्यावरून मला काढायची, तीनदा हलवायची, परत टांगायची. वाफेनं माझी भोकं चोंदायची, म्हणून केसातली पिन काढून ती एकेक भोक मोकळं करायची. हे करताना ती कुणाशी बोलत नसे. बाकी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असायचा, पण अडीच ते पावणेतीन ती मुकी.

मला काय वाटायचं? लाज वाटायची. ज्या भोकांतून मी साखर सांडली त्याच भोकांतून हे.

कारखान्याच्या मागच्या गल्लीत एका जुन्या गोदामात निवारा होता. घर नसलेली, घर सुटलेली चाळीस-पन्नास माणसं तिथे राहायची. तो चालवणारी ताई पहिल्याच वर्षी मोठं पातेलं घेऊन मागच्या दारी आली होती. म्हणाली, "उरलंसुरलं काही असेल तर द्या. आम्ही आजचं आजच संपवतो."

मावशीच्या एका हातात मी होतो आणि समोर भाताचं भरलेलं पातेलं. ती म्हणाली, "खराब झालंय हो ताई. पाठवण्यासारखं नाही."

भात अकरा वाजता शिजला होता. मावशी त्या दिवशी जेवली नाही. ताई पुढेही अधूनमधून यायची, आणि मावशी तेच वाक्य म्हणायची. म्हणून म्हणून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं की तिच्या तोंडून आपोआप घरंगळायचं.

मग तो कायदा आला. आला म्हणजे एका दिवसात नाही. तीन वर्षं तो आमच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर शिजत होता. कुणी म्हणे, उरलेलं वाटलं तर लोक आळशी होतील. कुणी म्हणे, शहराबाहेर कुजणाऱ्या अन्नाचा डोंगर झालाय, आधी तो बघा. हॉटेलवाले म्हणत, देऊ हो, पण उद्या कुणी कोर्टात खेचलं तर?

मावशी कांदा चिरता चिरता म्हणायची, "आच वाढवा म्हणावं. सातशे माणसांचं जेवण मी चार तासांत उतरवते."

शेवटी एकदाचा तो मंजूर झाला. साहेबांनी परिपत्रक हातात धरून सगळ्यांना वाचून दाखवलं. मोठ्या स्वयंपाकघरांनी न वापरलेलं, खाण्याजोगं अन्न टाकायचं नाही, नोंदणी असलेल्या संस्थेला द्यायचं. प्रत्येक डब्यावर अन्न कधी शिजलं त्याची चिठ्ठी लावायची. वही ठेवायची. जो मनापासून आणि काळजीनं देईल त्याच्यावर खटला नाही. आणि ज्याला सुरक्षितपणे देणं जमत नाही, त्यानं तसा अर्ज करून सूट मागायची.

मावशीनं विचारलं, "साहेब, ते मधलं परत वाचा."

"मनापासून आणि काळजीनं."

"म्हणजे आता खोटं बोलायला नको," मावशी म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं. कांदा तर केव्हाच चिरून झाला होता.

मी खिळ्यावरून सगळं ऐकत होतो. मला वाटलं, सुटलो. पण गंमत बघा, त्या परिपत्रकात सगळं होतं, फक्त माझं नाव नव्हतं. नवीन क्लिपांचे डबे आले, थर्मामीटर आला, वही आली. मला मात्र कुणी खिळ्यावरून उतरवलं नाही. रोज समोर दिसणारी वस्तू माणसांना दिसेनाशी होते, हे मी अनुभवानं सांगतो.

पहिला दिवस उजाडला. त्या दिवशी भात, भाजी आणि भोपळ्याचं सूप भरपूर उरलं होतं, वर पावाची टोपली. निवाऱ्यातल्या अठ्ठेचाळीस माणसांना कळवलेलं होतं. साहेब थर्मामीटर घेऊन प्रत्येक डब्यात डोकावत होते. मावशी भरत होती, भांडी घासणाऱ्या दोघी चिठ्ठ्या चिकटवत होत्या. लग्नघरासारखी धांदल नुसती.

"मावशी, सूप किती वाजता उतरवलं?"

"साडेअकराला."

"नक्की?"

मावशी साहेबांकडे वळून म्हणाली, "अहो, माझ्या सूपाची जन्मवेळ मला नाही ठाऊक तर कुणाला?"

ती हसत होती, तोंड साहेबांकडे होतं. आणि तिचा उजवा हात मागे गेला, खिळ्यावरून त्यानं मला काढलं, सूपाच्या डब्यावर धरलं. एकदा. दोनदा. तीनदा. मग मला टेबलावर ठेवून तिनं सूपाचं झाकण लावलं आणि क्लिप दाबली.

घड्याळात अडीच वाजले होते. एकोणीस वर्षं तो हात त्या वेळेला तेच करत आला होता. त्याला कायदा कुणी वाचून दाखवला नव्हता.

मी ओरडलो. डब्याचं ओरडणं कोण ऐकतं? माझ्या डोळ्यांदेखत डबे गाडीत चढले. गाडीवाल्याला सगळे 'विमान' म्हणत, कारण त्याची गाडी चालणाऱ्या माणसाच्या मागे पडायची. ते विमान निघालं.

मावशी टेबल पुसायला लागली. मी दिसलो, तसं तिनं सवयीनं केसातली पिन काढली आणि माझ्या भोकात घातली. पिन अर्ध्यावर थांबली. भोक ओलं होतं. दुसरं ओलं, तिसरं ओलं. कोरड्या खिळ्यावर राहणारा डबा ओला व्हायचा तर त्याला कशाच्या तरी वाफेवर धरलेलं असलं पाहिजे.

"हा इथे कसा?" तिनं विचारलं.

"तुम्हीच काढलात ना मावशी," भांडी घासणारी म्हणाली. "नेहमीसारखा."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. हात कशावर धरला होता? हलवला का? किती? तिला काही म्हणता काही आठवेना. साहेबांनी फोन लावला. विमान गाडी चालवताना फोन उचलत नसे, तेवढा एकच नियम तो पाळायचा. निवाऱ्यातला फोन वाजत राहिला, तिथे सगळे ताटं मांडण्यात गुंतले होते.

तेव्हा मावशी धावली. वय सत्तावन्न, डाव्या गुडघ्याची तक्रार, हातात मी. धोब्याच्या वाळत घातलेल्या चादरींखालून वाकून, सायकलवाल्याच्या दुकानातून आरपार, तो "अहो, अहो" करतोय तोवर पलीकडे. तिच्या काळजाचे ठोके मला पत्र्यातून ऐकू येत होते. मला उत्तर माहीत होतं. सूपात, मावशी, सूपात! पण आयुष्यभर फक्त भुरभुरायला शिकलो, बोलायला नाही.

विमान आमच्या दोनच मिनिटं आधी पोहोचलं होतं. निवाऱ्याच्या लांबलचक टेबलाशी माणसं बसली होती. ताईनं पहिला वाडगा भरून टोकाला बसलेल्या आजोबांपुढे ठेवला होता. आजोबांचा चमचा सूपात बुडाला होता.

"थांबा!" मावशी दारातूनच ओरडली. "कुणी काही खाऊ नका!"

चमचा वाडग्यात राहिला. ताई धावत आली. "काय झालं मावशी?"

आणि इथे मला खरी भीती वाटली. कारण ते गुळगुळीत वाक्य मावशीच्या जिभेवर तयारच होतं. खराब झालंय हो ताई. चार शब्द. कुणी काही विचारलं नसतं, डबे परत गेले असते, साहेब सुटले असते, मावशीची अब्रू राहिली असती.

मावशीनं ओठ उघडले, मिटले. मग मला सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"यात धुण्याचा सोडा आहे. आम्ही उरलेल्यावर तो मारून फेकून देत होतो. इतकी वर्षं. तुम्हाला खराब म्हणून सांगत होते ते जेवण खराब नसायचं, ताई. आज माझ्या हातून सवयीनं यातल्या कशावर तरी तो पडलाय. कशावर, ते मला आठवत नाही."

ताई मावशीकडे बघत राहिली. ती किती वेळा रिकामं पातेलं घेऊन परत गेली होती, ते बहुतेक मोजत असावी. मग तिनं पुढे होऊन एक चमचा मावशीच्या हातात दिला.

मावशीनं भाताचा डबा उघडला. वरून, चारही कोपऱ्यांतून घेऊन खाल्लं. थांबली. "भात चांगला आहे." भाजी खाल्ली. "भाजी चांगली आहे." टोपलीतला पाव मोडून खाल्ला. मग सूप. चमचा तोंडात गेला आणि लगेच तिनं तोंड फिरवून बाहेर थुंकलं. साबण चावल्यासारखं तिचं तोंड झालं होतं. तरी सांगतो, तिचा जीव भांड्यात पडला. सापडलं होतं.

सूप मोरीत गेलं. मला वाटलं, आता ही माणसं उठून जातील. आणि का जाऊ नये? आजोबांनी वाडगा बाजूला सारला, ताट पुढे ओढलं आणि म्हणाले, "भात वाढा. सूप उद्या आणा. आणि बाई, तुम्ही आधी बसा, पडाल."

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मावशी रडली. मन भरून रडली. मी तिच्या मांडीवर होतो.

संध्याकाळी साहेब वही घेऊन बसले. म्हणाले, "सापडलं, कुणाला बाधा नाही. लिहायलाच हवं असं नाही. मी उद्या सूट मिळण्याचा अर्ज करतो. आपल्याला हे झेपणारं नाही, मावशी."

"लिहा," मावशी म्हणाली. "मनापासून तर दिलं, पण काळजी कुठे होती? माझी चूक आहे, माझं नाव लिहा. मला काढायचं तर काढा. पण देणं बंद करू नका."

"आणि परत झालं तर?"

मावशीनं पेन उचलून त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी वहीत लिहिलं, अर्जही केला. उत्तर येईपर्यंत देणं थांबलं. अर्ज मान्य झाला असता तर मी पुन्हा रोज तीनदा हललो असतो आणि ताईच्या टेबलावर रिकामी ताटं राहिली असती. ते आठ दिवस मावशीनं अंदाज इतका आखडता घेतला की दुपारी पातेलं खरवडायला लागायचं. तरी जे थोडंफार उरायचं ते ती पिंपात ओतायची. नुसतं. मला हात लावायची नाही.

नवव्या दिवशी तपासनीस बाई आल्या. बुटक्या, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं मोजकं. त्यांनी वही वाचली, अर्ज वाचला, मावशीला सगळं पहिल्यापासून विचारलं. साहेब मध्येच म्हणाले, "बघा, एकोणीस वर्षांचा हात आहे. सवय कशी मोडणार?"

बाई म्हणाल्या, "तो डबा कुठे आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळीच कुणीतरी सवयीनं मला भरून परत खिळ्यावर टांगलं होतं. माझ्यात सोडाही होता, काठोकाठ.

"कायदा लागू झाला. आता अन्नावर सोडा मारायचा नाही," बाई म्हणाल्या. "मग हा इथे कशाला?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "राहून गेला."

"मावशींचा हात चुकला, तो त्यांनी धावत जाऊन सावरला आणि स्वतः लिहूनही दिला. हा डबा मात्र तुमच्याकडून राहिला, साहेब. त्यासाठी सूट मिळत नाही. खिळा काढा." आणि पिशवीतून कागद काढून त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं, की जिथे दान करायचं अन्न भरलं जातं तिथे ते नासवण्याची कुठलीही वस्तू ठेवू नये. पुढे तेच वाक्य सगळ्यांच्या नियमावलीत गेलं म्हणतात. परिपत्रकात एकदाचं माझं नाव आलं, न घेता का होईना.

खिळा साहेबांनी स्वतः उपटला. भिंतीवर माझ्या आकाराचा एक स्वच्छ पांढरा गोल निघाला. मला भंगारात टाकणार होते, पण मावशी म्हणाली, "याला मी नेते." घरी नेऊन तिनं मला उकळत्या पाण्यात तीनदा घोळवलं, उन्हात वाळवलं आणि बोटानं आतून पुसून ते बोट जिभेवर ठेवलं. "तुझा काय दोष रे," ती म्हणाली. मी पत्र्याचा आहे, पण तेव्हा मला भरून आलं.

तोवर निवाऱ्यात एक नवीनच खोळंबा झाला होता. देणं पुन्हा सुरू झालं, पहिल्या दिवशी साहेब स्वतः विमानात बसून डबे घेऊन गेले. ताटं वाढली गेली, पण कुणी घास उचलेना. साहेब घाबरले. "काय झालं? काही वास येतोय का?"

आजोबा म्हणाले, "आणणाऱ्यानं आधी चाखायचं ना? त्या बाईंनी चाखलं होतं."

ताईनं साहेबांच्या हातात चमचा दिला. ज्या जेवणाला ते इतकी वर्षं घाबरले, ते अठ्ठेचाळीस माणसांसमोर त्यांना खावं लागलं. भात खाल्ला. भाजी खाल्ली. सूप चाखलं आणि मग हळूच म्हणाले, "अजून एक चमचा मिळेल का?" तेव्हा कुठे हसत हसत पंगत सुरू झाली. हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, पण तिथे आजही तसंच चालतं. बेकरीवाला असो, हॉटेलवाला असो, देणाऱ्यानं पहिला घास सगळ्यांसमोर खायचा.

मग मावशीनं मला ताईकडे दिलं, आणि आता मी निवाऱ्याच्या दारातल्या टेबलावर असतो. झाकण काढून ठेवलंय, आणि माझ्यात चाखायचे चमचे उभे असतात. एक बाजू जरा चेपली आहे, तळाला गंज धरू लागलाय. फार वर्षं उरली नाहीत माझी. पण पोट रोज रिकामं होतं आणि रोज धुऊन भरतं, बेकरीत व्हायचं तसं.

तुमच्याकडे माझ्यासारखं काही खिळ्याला टांगलेलं असेल तर एवढं करा, ते खाली काढा. काम संपलं म्हणून विसरू नका. हात विसरत नाहीत.

मावशी आता कामावरून निवृत्त झाली आहे. दर बुधवारी स्वतःच्या घरून एक डबा करून आणते. दारात थांबते, माझ्यातला चमचा उचलते, झाकण उघडते. आणि तिचा हात अजूनही डब्यावर आला की हवेत तीनदा हलतो. दर वेळी ती दचकते, वाकून त्या हाताकडे बघते. हातात चमचा असतो. मग ती घास खाते आणि आजोबांना म्हणते, "या, बसा."